चांगले कसे जगावे? आपल्या मुलखाने दिलेली उत्तरे

भगिनींनो, हल्ली सुविचारांचा दुष्काळ उरलेला नाही. पूर्वी शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जाई आणि तो दिवसभर पुरे. आता सकाळी डोळे उघडण्यापूर्वीच मोबाइलवर दहा-बारा येऊन पडलेले असतात. कोणी सॉक्रेटिसाचा म्हणून पाठविते, कोणी कन्फ्यूशियसचा, तर कोणी विवेकानंदांचा. त्यांतील कितीतरी त्या थोरांनी कधी उच्चारलेही नसतील. आपण ते वाचतो, हात जोडल्याचे चित्र उलट पाठवितो आणि चहाचे आधण ठेवावयास उठतो.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चांगल्या जगण्याविषयी थोरांनी काय सांगितले आहे ते लिहा, अशी सूचना संपादिका भगिनींनी केली. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकविला. त्या सवयीने माझ्या मनात प्रथम आले ते हे, की कोण काय म्हणाले याबरोबरच ते कोणाला उद्देशून म्हणाले हेही पाहिले पाहिजे. सभेत पहिल्या रांगेत शास्त्री-पंडित बसतात. मागल्या रांगेत, खांबाला टेकून, निरक्षर म्हातारी बसते. एखादा विचार तिच्यापर्यंत पोहोचला की नाही, ही त्याची मोठी कसोटी आहे. या कसोटीने पाहिले, तर चांगल्या जगण्याची शिकवण शोधावयास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपला भंडारा जिल्हा आणि त्याच्या भोवतालचा विदर्भ या बाबतीत पुष्कळ श्रीमंत आहे.

आरंभ आपल्या पवनीपासूनच करू. वैनगंगेच्या काठचे हे गाव परकोटासाठी आणि देवळांसाठी आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून तेथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या संशोधकांनी त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. देवळाच्या टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना भव्य बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली होती. स्तूप राजाच्या खजिन्यातून उभा राहिला असेल असे आपल्याला सहज वाटते, परंतु हे दगड लहानमोठ्या माणसांनी एकेक करून दिलेले होते. त्यांत विसमिता नावाच्या एका स्त्रीच्या दानाचाही लेख आहे. हे दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा त्यात कोरली आहे.

ही विसमिता कोण, कोणाची कोण, तिचे घर कोठे होते, हे इतिहासाने जपून ठेवलेले नाही. तिची इच्छा मात्र राहिली. दान देताना माणूस सहसा आपल्या घरासाठी, पोटच्या लेकरांसाठी, फार तर आईबापांसाठी पुण्य मागतो. या बाईने सर्वांसाठी सुख मागितले. बुद्धाची करुणेची शिकवण आपल्या वैनगंगेच्या काठी मागल्या रांगेपर्यंत पोहोचली होती, याला याहून चांगली साक्ष कोणती हवी?

यानंतर मी एकदम तेराव्या शतकात येते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातकडचे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यांना गोविंदप्रभू हे गुरू भेटले. पुढे स्वामींनी महाराष्ट्रभर भ्रमण केले. त्यांच्या आरंभीच्या भक्तांत निळभट्ट भांडारेकार हे नाव येते. ते भांडारेकार म्हणजे आपल्याच भंडाऱ्याचे. ही गोष्ट आपल्या मुलामुलींना ठाऊक असावयास हवी.

चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ग्रीस देशातील सॉक्रेटिसाचेही तसेच. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला प्यावा लागला. त्याच्या मागे त्याने लिहिलेली एक ओळही नव्हती. शिष्यांनी त्याचे संवाद लिहिले म्हणून तो जगाला कळला. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी तेच काम केले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणून ओळखला जातो. दोघांत एक भेद मात्र डोळ्यांत भरतो. सॉक्रेटिसाचे संवाद बहुतेक पुरुषांशी, बाजारात आणि मेजवान्यांत झालेले आहेत. डिओटिमा नावाच्या एका ज्ञानी स्त्रीकडून आपण शिकलो असे तो एका ठिकाणी सांगतो, पण ती स्वतः तेथे उपस्थित नाही. लीळाचरित्रात मात्र बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा अशा कितीतरी बायका स्वामींसमोर बसलेल्या दिसतात. त्या प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तरे मिळतात.

महदाइसा तर प्रश्न विचारण्याबद्दलच प्रसिद्ध होती. ही म्हातारी जिज्ञासू आहे, काही ना काही विचारीतच असते, असा तिचा गौरव पंथाच्या आचार्यांनी केला. आपल्या घरांत मुलगी फार प्रश्न विचारू लागली, तर आपण तिला काय म्हणतो ते ज्याचे त्याने आठवावे. येथे तोच स्वभाव गुण ठरला. महदाइसा बालविधवा होती आणि मराठीची पहिली ज्ञात कवयित्रीही तीच. तिने रचले काय, तर धवळे, म्हणजे लग्नात गावयाची गीते! गोविंदप्रभूंच्या लीलेत लग्नाचा सोहळा मांडला गेला, त्या वेळी तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. जिला लग्नमंडपात पुढे येऊ देऊ नये असे लोक मानीत, तिच्याच तोंडून मराठीतील पहिले मंगलगान निघाले. याकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

चक्रधरांच्या शिकवणीतील आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या स्मरणिकेत संकोच न करता लिहावयास हवी. महिन्याच्या विटाळाविषयी त्यांचे म्हणणे असे, की शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक देहधर्म आहे. त्यात अपवित्र असे काही नाही. ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वी सांगितली गेली. आजही आपल्या जिल्ह्यात काही घरांतून त्या दिवसांत मुलीला वेगळी चटई आणि वेगळा पेला दिला जातो. आपल्याकडे विचार नव्हता म्हणून हे घडते असे म्हणता येणार नाही. विचार होता, आपण तो घरात घेतला नाही.

येथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना घरदार सोडावयास सांगितले होते. आपण तर संसारी बायका. पहाटे नळाला पाणी येते तेव्हापासून आपला दिवस धावू लागतो. संन्याशांना सांगितलेली शिकवण आपल्या काय कामाची? माझ्या मते त्यांचा वेश आणि भिक्षा आपल्यासाठी नाही. परंतु समोरच्या माणसाशी, मग ती बाई असो, म्हातारी असो की हलकी मानलेल्या जातीची असो, ते ज्या समबुद्धीने वागत, ती संसारी माणसालाच अधिक हवी. वनात एकट्याने राहणाऱ्याला समता पाळणे सोपे असते. सासू, सून, नणंद आणि मोलकरीण एका छपराखाली असतात, तेथे तिची खरी परीक्षा होते.

या इतिहासातील मला सर्वांत प्रिय वाटणारा प्रसंग स्मृतिस्थळ या ग्रंथात आहे. स्वामींच्या मागे नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. त्यांच्या भोवती संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांतील केशिराजबासांना वाटले, की हे ज्ञान संस्कृतात लिहावे. नागदेवांनी त्यांना थांबविले. तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी कारण दिले. नागदेवांनाही संस्कृत नावडते होते असे नाही. विद्वानांची वाहवा मिळविण्यापेक्षा मागल्या रांगेतील म्हातारीचे समाधान त्यांना मोलाचे वाटले. मराठी भाषेच्या थोरवीविषयी आपण दर वर्षी २७ फेब्रुवारीला भाषणे ऐकतो. मला तर वाटते की त्या थोरवीचा पाया या म्हाताऱ्यांसाठी घातला गेला. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, ते योग्य जागीच झाले आहे.

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे पंथाबाहेरच्या माणसाला ते सहाशे वर्षे वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी या लिप्या उलगडल्या. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेले धन कुलूपबंद झाले, तेव्हा पुन्हा म्हाताऱ्याच नागवल्या. शहाणपण जपण्याच्या नादात ते कोंडून ठेवले, तर ते असून नसल्यासारखेच.

आता जवळच्या काळाकडे वळते. नागदेवांची म्हातारी मला विसाव्या शतकात पुन्हा भेटते, ती विनोबांच्या आईच्या रूपाने. रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना. विनोबांनी त्यांना मराठी पद्यातील गीता आणून दिली, तीही अवघड वाटली. तेव्हा आई म्हणाली, तूच का सोपी करीत नाहीस? आई १९१८ मध्ये वारली. विनोबांनी गीताई लिहावयास घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पूर्ण केली. बारा वर्षांनंतर का होईना, आईचा शब्द मुलाने पाळला. पुढे १९५९ मध्ये विनोबांनी वर्धेजवळ पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथील भगिनी स्वतः शेतात राबत, छापखाना चालवीत आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घेत. एकीचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलावयाचा, ही रीत आपल्या कार्यकारिणीला पेलेल की नाही याची मला शंका आहे. पण विचार करण्याजोगी खास आहे.

गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालावयास हवे होते. त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि नातलगांचा राग ओढवून घेतला. भगिनींनो, समाजसुधारणा या शब्दाने आपल्याला मोर्चे आणि भाषणे आठवतात. या माणसाने ती आपल्या घरच्या बारशापासून सुरू केली. १९०५ साली घर सोडल्यावर ते दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण साजरा करू नका, देवाला बकरे कापू नका, जेवावयाची ताटे मोडावी लागली तरी मुलांना शिकवा, असे त्यांचे सांगणे असे. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या नावावर धर्मशाळा होत्या, शाळा होत्या, आणि स्वतःच्या मालकीचे म्हणाल तर खापर, काठी आणि गोधडी.

त्यांच्याच जिल्ह्यात यावली येथे १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन आपल्या झाडीपट्टीतील गावांपर्यंत पोहोचले. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही आपल्याकडे गावोगाव होते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. त्यांत मोक्षाची चर्चा थोडी आहे. गावाची सफाई, आरोग्य, व्यसने, लग्नातील उधळपट्टी, शिक्षण यांवर मात्र भर आहे आणि महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. चांगले जगणे एकट्यादुकट्याचे नसते, गाव चांगले जगले तरच घर चांगले जगते, हे त्यांनी ओवीच्या सोप्या चालीत सांगितले. ओवी म्हणजे जात्यावरच्या बायकांचा छंद, हे निराळे सांगावयास नकोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव या मालिकेत यावयासच हवे. १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले, हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. मला येथे आठवते ते त्यांचे २० जुलै १९४२ चे नागपूरचे भाषण. दलित महिलांच्या त्या परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बहुतेकींनी शाळेचे दार पाहिले नव्हते. त्यांच्यापुढे बाबासाहेब कायद्याच्या कलमांविषयी बोलत बसले नाहीत. स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठे होण्याची इच्छा निर्माण करा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे त्यांनी सांगितले. आणि लग्न होणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असेही सांगितले. समाजाची प्रगती स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून मोजावी, हा त्यांचा दंडक होता. मागल्या रांगेची कसोटी ती हीच.

विसमितेपासून बाबासाहेबांपर्यंत या सर्वांत मतभेद थोडे नाहीत. कोणी ईश्वर मानतो, कोणी मानत नाही. कोणी घर सोडावयास सांगतो, कोणी घर सुधारावयास. त्यांना एका माळेत ओवणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. परंतु जिला आजवर कोणी विचारले नाही तिच्यापासून आरंभ करावयाचा, ही खूण त्या सर्वांच्या शिकवणीत दिसते. या खुणेवर आपण आपले मंडळही तपासून पाहिले पाहिजे. वर्धापनदिनाला एवढे तरी करावेच.

पहिली गोष्ट भाषेची. साकोली, लाखांदूर, पवनीकडून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्या भगिनी घरी झाडीबोलीत बोलतात. त्यांच्या बोलण्यात पाण्याचे पानी होते आणि डोळ्याचा डोरा होतो. मंडळाच्या चर्चेत कोणी हसले, किंवा चांगल्या हेतूने का होईना शब्द दुरुस्त केला, की त्या गप्प बसतात. त्यांच्यापाशी बियाणे राखण्याचे, बाळंतिणीच्या पथ्याचे, टंचाईच्या दिवसांत घर चालविण्याचे जे ज्ञान आहे, ते त्यांच्याबरोबरच जाईल. नागदेवांनी संस्कृत दूर ठेवून ज्यांना राखले, त्यांना आपण शुद्ध मराठीच्या हट्टाने दवडावे काय? मासिक सभेत पहिला प्रश्न वडीलधाऱ्या भगिनीने विचारावा आणि तो तिच्या बोलीतच इतिवृत्तात उतरावा, अशी माझी सूचना आहे.

दुसरी गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. विधवा भगिनींना बोलवावे की नाही यावर आपल्या बैठकीत दोन मते पडली आणि विषय तसाच राहिला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तसेच करण्याचे आवाहन सर्व ग्रामपंचायतींना केले, हे आपण वाचलेच आहे. विरोध करणाऱ्या भगिनींचे म्हणणे मी हलके मानीत नाही. त्या म्हणतात, ज्यांना बोलवावयाचे त्यांनाच ते नको असते, त्यांना अवघड होते. असेलही. परंतु हे आपण त्यांना विचारले आहे काय? कुंकू लावून घ्यावे की तिळगूळ तेवढा घ्यावा की घरीच राहावे, हे जिचे तिने ठरवावे. आमंत्रण मात्र प्रत्येकीच्या दारी गेले पाहिजे, आणि वाण प्रत्येकीसाठी मोजून आणले पाहिजे. तिच्या वतीने आपणच नकार देऊन टाकतो, त्यात खरा अपमान आहे. मराठीतील पहिली मंगलगीते जिने गाइली, त्या महदाइसेला आज आपण हळदीकुंकवाच्या यादीतून वगळले असते, हा विचार माझ्याने सहन होत नाही.

थोरांचे विचार फळ्यावर लिहिणे चांगले, ते पाठ असणे अधिक चांगले. परंतु पवनीच्या त्या दगडावर कोरलेली इच्छा दोन हजार वर्षे टिकली, ती दगडाबरोबर दानही दिले होते म्हणून. आपल्याला दगड द्यावयाचा नाही, फक्त सतरंजीवर थोडी जागा द्यावयाची आहे. येत्या संक्रांतीला ती आपण द्यावी, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या सोहळ्याचा वृत्तांत आज मागल्या रांगेत बसणाऱ्या एखाद्या भगिनीने स्वतः सांगावा, अशी इच्छा व्यक्त करून आणि मंडळाला दीर्घायुष्य चिंतून मी हा लेख पुरा करते.